गाऊन आणि बनियन

गेल्या महिन्यात आमच्या पेणच्या सोसायटीच्या फलकावर एक सूचना लागली. पाणी सोडण्याच्या वेळा, थकलेला मेंटेनन्स आणि गच्चीवर पापड वाळत घालण्याबाबतचे नियम यांच्या शेजारी, त्याच निळ्या शाईत : ‘महिला सभासदांनी गाऊन घालून आवारात व फाटकाबाहेर फिरू नये. सोसायटीची शोभा राखावी.’ खाली सेक्रेटरींची सही. दूध आणायला निघालेली मी ती सूचना वाचायला थांबले आणि वाचता वाचता लक्षात आले की, आपण गाऊनमध्येच उभ्या आहोत. निळा गाऊन, त्यावर पांढरी फुले आणि खांद्यावर ओढणी. ओढणी हिरवी. तिने गाऊनशी जुळावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते.

ही ओढणी काय सांगते, हे परगावच्या माणसाला कळायचे नाही. गाऊन नुसता बाहेर पडत नाही. त्याला खांद्यावर काहीतरी लागते. ओढणी सापडली नाही तर दोरीवरचा नॅपकिन, तोही नसला तर मुलाचा टॉवेल. त्याचा अर्थ असा, की मी काही ‘बाहेर’ आलेली नाही. दूधवाल्यापर्यंत, वाण्यापर्यंत, कचऱ्याच्या गाडीपर्यंत आमचाच उंबरठा जरा लांबला आहे. बाहेर जायचे असते तेव्हा मी साडी नेसते, केस विंचरते. हे सगळे त्या एका ओढणीत बोललेले असते आणि समोरच्या बाईला ते बरोबर ऐकू येते. सेक्रेटरींना ऐकू आले नाही, एवढेच.

मी दूध घेऊन आले. सूचनेखालून दोनदा गेले. राग आला होता, हे कबूल करते. पण त्याहून अधिक, या शब्दाचे मला कुतूहल वाटू लागले. गाऊन! वकिलाच्या अंगावर तो असतो, पदवीदानाला कुलगुरूंच्या अंगावर असतो, आणि आमच्या अंगावर आला की त्याने शोभा जाते. एकाच शब्दाची ही गत कशी झाली असेल?

आधी नावाचाच घोळ. दुकानदार त्याला ‘नाइटी’ म्हणतो. आमच्या आळीत आणि माझ्या माहेरी, रोह्याला, तो ‘गाऊन’. खाडीकडच्या गावांतून पेणच्या बाजारात येणाऱ्या बायका त्याला ‘मॅक्सी’ म्हणतात. तिन्ही शब्द परके आणि तिन्हींचे मूळ अर्थ आपण मोडीत काढलेले. नाइटी रात्रीची, आमची दिवसभराची. मॅक्सी हा तर एके काळी मिरवायचा पोशाख. साठच्या दशकाच्या अखेरीस विलायतेत आखूड मिनीला उत्तर म्हणून घोट्यापर्यंतची मॅक्सी निघाली आणि सत्तरच्या दशकात ती आपल्याकडच्या सिनेमांतून कॉलेजच्या मुलींपर्यंत आली. माझ्या थोरल्या मावसबहिणीने दादरला एका लग्नासाठी मॅक्सी शिवून घेतली होती. जांभळी, टेरिलिनची, बाह्यांना झालर. तिचा त्या वेशातला फोटो अल्बममध्ये आहे आणि त्यात ती एखाद्या नटीसारखी उभी आहे. आज तिला ‘मॅक्सीत फोटो काढू का?’ म्हटले तर मारायला धावेल. पन्नासेक वर्षांत तो शब्द लग्नाच्या मांडवातून भांडी घासायच्या मोरीपर्यंत आला.

गाऊनचा प्रवास याहून लांबचा आहे आणि उलटसुलटही. इंग्रजांकडे तो फ्रेंचांकडून आला, फ्रेंचांकडे लॅटिनमधून. तिथला मूळ शब्द ‘गुन्ना’. आठव्या शतकातल्या युरोपात गुन्ना म्हणजे केसाळ कातड्याचे एक सैल, उबदार वस्त्र. मठातल्या वृद्ध आणि आजारी साधूंना ते वापरायची मुभा असे. म्हणजे जन्मतः हे दुखऱ्या शरीराला मिळालेल्या सवलतीचे वस्त्र. पुढे ते विद्वानांच्या, न्यायाधीशांच्या आणि धर्मगुरूंच्या अंगावर चढले आणि काळे, गंभीर झाले. आपल्याकडे इंग्रजांबरोबर आले ते हे काळे रूप.

आणि ते बायकांसाठी नव्हते. रेजिना गुहा यांनी वकिलीची सनद मागितली तेव्हा १९१६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने ती नाकारली. सुधांशुबाला हाजरा यांना १९२१ साली पाटणा उच्च न्यायालयाने तेच उत्तर दिले. कारण काय, तर त्या स्त्रिया होत्या. शेवटी १९२३ साली कायदा करावा लागला, तेव्हा कुठे स्त्रियांना वकील होण्याची वाट मोकळी झाली आणि मुंबईच्या उच्च न्यायालयात मिठन टाटा, म्हणजे लग्नानंतरच्या मिठन लाम, उभ्या राहिल्या. काळा गाऊन मिळवायला कायदा लागला. फुलांचा गाऊन मात्र आम्हाला कोणी न मागता दिला.

गंमत म्हणजे, काळ्या गाऊनचा धाक आता सुटत चालला आहे. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे उच्च आणि सर्वोच्च न्यायालय सोडून इतरत्र वकिलांना गाऊन ऐच्छिक आहे. म्हणजे पेणच्या आणि रोह्याच्या कोर्टात वकिलाने गाऊन नाही घातला तरी चालते. करोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेही दूरदृश्य सुनावणीपुरता कोट आणि गाऊन माफ केला. त्याच्या आदल्याच महिन्यात राजस्थान उच्च न्यायालयात एक वकीलसाहेब घरून, बनियनवरच, सुनावणीला हजर झाले होते आणि न्यायमूर्तींनी सुनावणी पुढे ढकलली होती. पदवीदानाच्या गाऊनचेही तेच. जयराम रमेश केंद्रात मंत्री असताना २०१० साली भोपाळच्या एका समारंभात त्यांनी व्यासपीठावरच गाऊन उतरवून ठेवला, हा गोऱ्यांचा वारसा कशाला म्हणून. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांच्या घरी त्या वेळी ओट्याशी कोण काय घालून उभे असेल, हा विचार मला आत्ता हे लिहिताना सुचतो आहे.

बनियनचा विषय निघालाच आहे, तर त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधले सधन पुरुष घरी आले की घट्ट कोट आणि डोक्यावरचा टोप उतरवीत आणि एक सैल, पायघोळ, सुती किंवा रेशमी झगा अंगात चढवीत. त्यात बसून ते न्याहारी करीत, पत्रे लिहीत, पाहुण्यांना भेटत, आणि चित्रकाराला बोलावून स्वतःचे चित्रही त्याच वेशात काढून घेत. विचार करणारा माणूस सैल कपड्यात बरा दिसतो, अशी समजूत होती. या झग्याला ते काय म्हणत? बनियन! हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर व्यापाराला आलेल्या युरोपियनांना जे गुजराती वाणी भेटले, त्या वाण्यांच्या, बनियांच्या नावावरून. कापडही पुष्कळदा इथलेच, छिटाचे. पुढे हिंदुस्थानातल्या साहेबांच्या बोलण्यात तोच शब्द अंगालगतच्या बंडीवर आला. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात तो अर्थ नोंदलेला आहे. आणि साहेबांच्या तोंडून तो आपल्याकडे परत आला, तो बाह्या नसलेला, गळा खोल असलेला, गच्चीवर दोरीला लटकणारा.

म्हणजे पुरुषांचा गाऊन तो बनियन. तीनशे वर्षांपूर्वी एखाद्या इंग्रज गृहस्थाने बनियन घालून पाहुण्याचे स्वागत केले, तर त्याच्या अंगावर जवळजवळ माझ्या निळ्या गाऊनसारखेच काहीतरी असणार. आमचे मामंजी बनियनला ‘गंजीफ्रॉक’ म्हणत. त्यातला गंजी हा ग्वेर्न्सी नावाच्या बेटावरून आलेला आणि फ्रॉक तर फ्रॉकच. पेणच्या वाड्यात ओटीवर गंजीफ्रॉक आणि पंचा नेसून मामंजी बसत, पोस्टमनपासून मामलेदार कचेरीतल्या कारकुनापर्यंत सगळ्यांशी त्याच वेशात बोलत. कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. मलाही नाही. गागोद्याचे विनोबा याच पेण तालुक्यातले. त्यांच्या पंचाला तर देशाने नमस्कार केला. पुरुषाचा घरातला वेश साधेपणाचा ठरतो आणि बाईचा गबाळेपणाचा, यात विनोबांचा काही दोष नाही, पण फरक आहे खरा.

छिटाच्या गाऊनला दंड ही गोष्टसुद्धा काही आमच्या सेक्रेटरींनी शोधून काढलेली नाही. हिंदुस्थानी छिटाने आपला धंदा बुडतो म्हणून लंडनचे विणकर १७१९ च्या सुमारास रस्त्यातून चालणाऱ्या बायकांच्या अंगावरचे छिटाचे गाऊन फाडत. पार्लमेंटने मग विणकरांची समजूत काढली. १७२१ च्या कायद्याने छापील सुती कपडा अंगावर घालणाऱ्याला पाच पौंड दंड ठरला. भांडण धंद्याचे, व्यापाराचे. कपडे फाटले बायकांचे.

आपल्या जवळचे उदाहरण नवी मुंबईतल्या गोठिवली गावठाणाचे. २०१४ साली तिथल्या एका महिला मंडळाने दिवसा गाऊन घालून बाहेर फिरणाऱ्या बाईला पाचशे रुपये दंड जाहीर केला. वर्तमानपत्रांत बातमी आली, पार विलायतेपर्यंत गेली. पुढे २०१८ साली आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या तोकलपल्ली गावात वडीलधाऱ्यांनी सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळात नाइटी बंद केली. दंड दोन हजार, आणि सांगून देणाऱ्याला एक हजार बक्षीस. तोकलपल्लीच्या मंडळींविषयी मला विशेष काही म्हणायचे नाही. जिथे चहाडीला हजार रुपये मिळतात तिथल्या शोभेविषयी काय बोलावे? पण गोठिवलीच्या बायकांचा विचार माझ्या मनातून जात नाही. कारण त्या बायका होत्या. आणि त्या आमच्याच पट्ट्यातल्या, आगरी-कोळी गावठाणातल्या. पेणच्या बाजारात ज्या भेटतात त्यांच्या मावश्या-बहिणी शोभतील अशा. भोवती शहर उभे राहिले, शेती गेली, इमारती आल्या. आपले गाव आपले राहिलेले नाही, हे रोज डोळ्यांनी पाहणाऱ्या बाईला निदान आपल्या पोरीबाळींच्या अंगावरचा कपडा तरी आपल्या हातात असावा असे वाटले, तर मी तिला हसणार नाही. चूक मात्र म्हणेन.

शिवाय खरे सांगायचे तर मलाही ऊठसूट गाऊन आवडत नाही. बँकेत गाऊन, शाळेच्या पालकसभेला गाऊन, हे मला खटकते. माझ्या सुनेला मी एकदा बोललेही होते. ‘अगं, पाहुणे यायचे आहेत, साडी नको, निदान ड्रेस तरी घाल.’ बोलले आणि जीभ चावली. कारण हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते, शब्द तेवढे वेगळे.

माझ्या आजीने जन्मभर लुगडे नेसले. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात ‘लुगडें’ आहे; बाईचे वस्त्र म्हटले की तोच शब्द. मग ‘पातळ’ आले. हा शब्द खरे तर नुसते विशेषण, सूत पातळ म्हणून. पण हळूहळू लोक विशेषणालाच नेसू लागले आणि लुगडे म्हणजे जाडेभरडे, गावंढळ, म्हातारीचे असा अर्थ झाला. आईने लग्नानंतर पाचवारी नेसायला सुरुवात केली, तेव्हा रोह्याच्या घरात त्याला ‘गोल नेसणे’ म्हणत आणि म्हणताना ओठ किंचित मुडपत. गोल नेसून ओटीवर यायचे नाही, वडील मंडळी बसलेली असतात. आईने दहा वर्षे दिवसातून दोनदा लुगडे सोडून पाचवारी नेसली आणि पाचवारी सोडून लुगडे. मग आजीच एक दिवस कंटाळली, म्हणाली, ‘राहू दे गं, तुझी ती गोल.’ माझी पाळी आली तेव्हा भांडण पंजाबी ड्रेसचे होते. ड्रेस म्हणजे आमच्या लहानपणी पोलिसाचा, बँडवाल्याचा, शाळेतला. ‘हवालदार ड्रेसवर होते’ असे म्हणत. ऐंशीच्या दशकात तो शब्द बायकांच्या वस्त्रावर आला आणि आला तो हलक्या अर्थानेच. पेणला सून म्हणून आले तेव्हा मला ड्रेसची परवानगी होती ती फक्त महाबळेश्वरला. आणि आज तोच ड्रेस पाहुण्यांसमोर घालायचा शालीन पोशाख झाला आहे, आणि तो घाल म्हणून सुनेला सांगणारी मी!

प्रत्येक वेळी नवे वस्त्र खालच्या पायरीवर उभे राहते आणि कालचे वरच्या पायरीवर जाते. हे इतके नियमाने होते की गाऊनचेही तसेच होईल, असे म्हणून विषय संपवता आला असता. मला तसे वाटत नाही. कारण लुगडे, पातळ, साडी, ड्रेस यांच्यात आणि गाऊनमध्ये एक फरक आहे. तो आपल्या क्रियापदांनी बरोबर ओळखला आहे. साडी नेसतात. ड्रेस घालतात. गाऊन ‘अडकवतात’. ‘पटकन गाऊन अडकवला आणि दार उघडले’, ‘जरा गाऊन अडकवते नि कुकर लावते.’ खुंटीला अडकवावा तसा अंगाला. या क्रियापदात पटकन आहे, जरा आहे, घाई आहे. आपण त्याला झोपायचा कपडा म्हणतो, पण तो अडकवल्यावर झोपणारी बाई मी फारशी पाहिलेली नाही.

रोह्याला भावाकडे गेले की पहाटे पाचला शेजारच्या चार स्वयंपाकघरांत दिवे दिसतात. धाटावच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांचे डबे व्हायचे असतात. सकाळच्या दिवा गाडीने पनवेल-ठाण्याकडे जाणाऱ्यांचे वेगळे. साडेसहाला ती सगळी माणसे इस्त्रीच्या कपड्यांत बाहेर पडतात, त्यांच्यामागे दारात गाऊनमधली बाई उभी असते, आणि कोणी विचारले तर सांगतात, ‘नाही, ती घरीच असते.’ इकडे पेणला श्रावण लागला की गणपतीच्या कारखान्यांत पाय ठेवायला जागा नसते. कासार आळीत म्हणा, हमरापूर-जोह्याकडे म्हणा, घरचेच अंगण हाच कारखाना. तिथे बायका मॅक्सीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून बसतात, म्हणजे रंग शर्टावर उडतो. मूर्तीला पॉलिश पेपर मारणे, अंगाचा रंग, पितांबराचा पिवळा, दागिन्यांचे सोनेरी. मध्येच उठून भात उतरवायचा, पोराला शाळेत सोडायचे, परत येऊन बसायचे. यांत घर कुठे संपते आणि काम कुठे सुरू होते? कपडा बदलायचा तरी कोणत्या दारात?

मासळी घेऊन बसणाऱ्या एका ओळखीच्या बाईला मी सहज विचारले, तुम्ही लुगडे सोडून मॅक्सी कधीपासून? ती कोलंबी निवडता निवडता म्हणाली, लुगडे दोन तास ओले राहते, मॅक्सी अर्ध्या तासात वाळते. मग मी आमच्या सूचनेचे सांगितले. ती हसली. ‘बाय, निजाला टायम कोनाला हाय?’ म्हणाली आणि वाटा कागदात गुंडाळून दिला.

गाऊन हा माझ्या मते कामाचा कपडा आहे. गिरणीतल्या माणसाचा डगला असतो, वकिलाचा कोट असतो, तसा हा. फक्त त्या कामाला सुटीची वेळ नाही आणि पगार नाही, म्हणून त्याच्या कपड्यालाही कामाचे नाव मिळाले नाही. आपण त्याला रात्रीचे नाव देऊन ठेवले. आणि एकदा रात्रीचे नाव दिले की तो दिवसा, उजेडात, फाटकापाशी दिसला की डोळ्यांना खुपणारच. गाऊनमध्ये अंग दिसते म्हणून काही तो खुपत नाही. गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकणारा दुसरा असा कपडा दाखवावा. साडीत त्याहून अधिक पोट दिसते. गाऊनमध्ये दिसते ते घर. हळदीचा डाग, ओला पदर नसलेली ओली कड, खांद्यावर विसरलेला फडका. ते रस्त्यावर दिसू नये असे आपल्याला वाटते. शोभा म्हणतात ती ही.

आता घरातली गोष्ट. सासूबाई ब्याऐंशीच्या. नऊवारीशिवाय त्यांना मी कधी पाहिले नव्हते. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. पनवेलला शस्त्रक्रिया झाली. पाठीमागे नाड्या असलेला, फिक्या हिरव्या रंगाचा इस्पितळातला गाऊन त्यांच्या अंगात घातला, तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून रडल्या. हाड मोडल्याचे रडू नव्हते ते. ‘मला झबलं घातलंस गं,’ एवढेच म्हणाल्या. घरी आल्यावर नऊवारी नेसणे शक्य नव्हते. वॉकर धरून उभे राहणार की निऱ्या घालणार? मी बाजारातून दोन गाऊन आणले, पुढून बटणे असलेले, एक तपकिरी आणि एक राखाडी. आठ दिवस त्यांनी ते अंगात घालू दिले ते डोळे मिटून. कोणी भेटायला आले की चादर गळ्यापर्यंत.

‘आई, किती झाकून घ्याल? उकडतंय.’

‘असू दे. लोकं काय म्हणतील, म्हातारपणी अवदसा आठवली.’

मग एक दिवस त्यांनी मला जवळ बोलावले. मला वाटले, परत नऊवारीचे काढतात. तर म्हणाल्या, ‘याला कनवट नाही गं.’ नऊवारीत बाईची तिजोरी असते. कनवटीला पैसे, ओच्यात सुपारी, किल्ली, देवळातला प्रसाद. साठ-पासष्ट वर्षे त्यांच्या कमरेला स्वतःचे असे काहीतरी होते आणि या कपड्यात काहीच ठेवायला जागा नव्हती. त्यांना लाज वाटत होती ती उघडे पडण्याची तितकी नसावी, जितकी मोकळ्या कमरेची. मी आळीतल्या शिंप्याकडून दोन्ही गाऊनना खिसे लावून आणले. त्यांनी ते तपासले आणि राखाडीचा खिसा उसवून पुन्हा लावायला लावला. उजवा हात वॉकरवर असतो, खिसा डावीकडे हवा. त्यात आता दहाच्या नोटांची सुरळी, जपमाळ आणि माझ्या कपाटाची एक किल्ली असते. ती किल्ली त्यांच्याकडे का, हे मी विचारलेले नाही.

चादर गळ्यापर्यंत ओढणे कधी थांबले ते मला सांगता येणार नाही. गेल्या पावसाळ्यानंतर त्या रोज सकाळी वॉकर घेऊन खालच्या आवारात दहा फेऱ्या मारतात. डॉक्टरांनीच सांगितले आहे. गाऊनमध्ये. आठव्या शतकातल्या त्या मठांत म्हाताऱ्या साधूंना जे चालत होते, ते आमच्या आवारात आता नियमाविरुद्ध झाले आहे.

सूचनेबद्दल बोलायला गेल्या रविवारी सभा बोलावली होती, खाली पार्किंगमध्ये. अकरा पुरुष आले आणि चार बायका. बायका साड्या नेसून, मीसुद्धा; का नेसले कोण जाणे. पुरुषांपैकी सहा जण अर्ध्या चड्डीत होते, ज्याला हल्ली बर्मुडा म्हणतात, आणि एक जण वरून नुसत्या बनियनवर. सेक्रेटरी माणूस वाईट नाही. करोनात त्यांनी घरोघरी किराणा पोचवला होता, तोही याच बर्मुड्यात. मी त्यांना इंग्रज गृहस्थांच्या बनियनची हकीगत सांगितली. त्यांना ती आवडली, त्यांनी हसून दादही दिली, आणि मग म्हणाले, ‘पण वहिनी, लेडीजचं वेगळं असतं.’ काय वेगळे असते, ते सांगायच्या आत कोणीतरी माणसे मोजली आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली. पुढची येत्या रविवारी, त्याच जागी, सकाळी दहाला.

सासूबाईंनी वरून, खिडकीतून, सगळे ऐकले होते. जेवताना विचारत होत्या, सभेला सभासदाच्या आईने गेले तर चालते का. चालते, मी म्हटले. त्यांनी तपकिरी गाऊन धुवायला टाकला आहे. खिशातले सगळे आधी काढून, मोजून, उशाखाली ठेवले आहे.